सहा टोकांचा तुरा

७ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही नमस्कार, आणि तिला सांग की वाकून काही उचलू नकोस, तू आहेस ना उचलायला. मी मजेत आहे. जेवते, झोपते, भांडत नाही. एवढं वाचून तू 'बरं' म्हणशील आणि गिऱ्हाइकाच्या दाढीला लागशील, पण थांब, पत्र मोठं आहे.

तुझं पत्र मिळालं. तू विचारलंस ते वाचलं. बाळ यायचंय, वरची माझी खोली तशीच ठेवायची की त्याच्यासाठी रंगवून घ्यायची, एकदा काय ते ठरवून कळव, बरोबर? कळवते. या पत्राच्या शेवटी कळवते. आधी मी कुठे आहे ते ऐक.

मनगटावरचं घड्याळ बंद पडलं म्हणून मी एका दुकानात शिरले. बस यायला वेळ होता. आत काचेच्या टेबलामागे एक म्हातारे गृहस्थ डोळ्याला ते नळकांड्यासारखं भिंग लावून बसले होते, आणि त्यांच्या भिंगाखाली घड्याळ नव्हतं, कोंबडा होता. एवढासा. आपल्या शेजारच्यांकडे होते तसे दांडगे नव्हे, कबुतरापेक्षा थोडा मोठा, पण ऐट अशी की दुकान त्याच्याच नावावर आहे. घड्याळजी त्याच्या तुऱ्याची टोकं तपासत होते. मला म्हणाले, जरा हा धर. मी धरला. दादा, इतकं हलकं आणि इतकं गरम काही मी पूर्वी हातात घेतलं नव्हतं. छातीतली धडधड थेट तळहातात. बस केव्हा गेली ते कळलंच नाही. आणि घड्याळ अजून दुरुस्त व्हायचंय, ती वेगळी गोष्ट.

तर हे बँटम. ठेंगणी जात. घड्याळजी (मी त्यांना काका म्हणते) दुकानामागच्या अंगणात ती पाळतात, आणि त्यांच्या वडिलांपासून पाळत आलेत. मानेवर तांबूस सोनेरी पिसं, शेपूट काळी, पण उन्हात हिरवी चमकते. त्या दिवसापासून मी मागच्या माळ्यावर राहते, खुराडी साफ करते, पाणी बदलते. काकू म्हणजे त्यांच्या बायकोने पहिल्याच दिवशी सांगितलं की मला ही पाखरं आवडत नाहीत, मला विचारू नकोस. आणि रोज सकाळी भाजीचे देठ बारीक चिरून त्याच अंगणात नेऊन टाकतात. विचारलं तर म्हणतात, केर टाकायला गेले होते.

आत्ता इथे निवड चालू आहे. उन्हाळ्यातली पिल्लं आता मिसरूड फुटल्यासारखी झालीत, आवाज फुटलेत, म्हणजे आरवायला जातात आणि दार करकरल्यासारखं काहीतरी निघतं. यातला एक प्रदर्शनाला जाणार आणि एक पुढच्या वर्षीच्या पिल्लांचा बाप होणार. बाकीचे कुणाच्या परसात, कुणाच्या पोराबाळांकडे पोचवायचे. तू म्हणशील, एकच उत्तम निवडा आणि दोन्ही कामं त्यालाच द्या. मीही तेच म्हणाले. काका हसले. म्हणाले, मिरवायचा वेगळा आणि संसाराचा वेगळा. (हे वहिनीला वाचून दाखवू नकोस.)

निवडताना काका आधी डोळे मिटतात. खरंच. कोंबडा हातात घेतात आणि डोळे मिटून छातीचं हाड चाचपतात, सरळ आहे का. मग पायाची बोटं, एकेक. डोळा फसतो म्हणतात, सुंदर पिसं दिसली की डोळा बाकीचं माफ करून टाकतो. हात माफ करत नाही. मग खाली सोडून टाळी वाजवायची आणि चाल बघायची. पंख लोंबला, बाद. अंगाने वाढला, बाद. बँटम असून मोठा झाला म्हणजे आपल्या जातीतून गेला. एकाला मी फार जीव लावला होता, त्याचं एक बोट वाकडं निघालं. तो आता समोरच्या शिंपिणीकडे असतो आणि तिच्या यंत्राच्या चाकाकडे बघून आरवतो.

शेवटी दोन उरलेत. एक साहेब. त्याचं नाव मी ठेवलं. तुरा असा की तुझ्या खुर्चीत बसून कापून घेतल्यासारखा, हवी तेवढीच, पाच टोकं, करवतीच्या दातांसारखी. आखूड पाठ, उंच शेपूट. दुसरा बटण. बटणाच्या तुऱ्याला सहा टोकं आहेत, आणि तुरा जरा जडही आहे, पळताना टोपी घसरल्यासारखा हलतो. पण मला बटण आवडतो. का ते सांगणार होते, पण कागदाची ही कडा आली बघ. खोलीचं पुढच्या पत्रात.

वहिनीची काळजी घे.

तुझी
भिंगरी


२६ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर तू एकच ओळ लिहिलीस, 'आणि खोली?' न्हावी असून बोलायला एवढा कंजूष तूच. कडेला वहिनीने लिहिलंय, फोन कर म्हणून, तेही वाचलं. पण फोनवर तू विचारशील, आणि मग गप्प बसून राहशील, आणि तुझं ते गप्प बसणं मला सहन होत नाही. पत्रात कसं, मला आधी कोंबड्यांचं सांगता येतं.

तर बटण. काका मुठीत एकच दाणा घेतात आणि कोंबड्यापुढे टाकतात. कोंबड्या जरा लांब असतात. साहेब काय करतो? बघतो, गिळतो, मान वर. संपलं. बटणापुढे दाणा टाकला की तो तो उचलतो, खाली ठेवतो, पुन्हा उचलतो, आणि घशातल्या घशात टुक टुक टुक करून बायकांना बोलावतो. त्या धावत येतात, एखादी झडप घालते, आणि हा रिकाम्या चोचीने असा उभा राहतो की जणू जेवण झालं. ज्या खुराड्यात असा कोंबडा, तिथल्या कोंबड्या निवांत असतात, अंडी नीट देतात, पिल्लंही शांत निघतात असं काका म्हणतात. मी विचारलं, मग सहाव्या टोकाचं काय? म्हणाले, ते आईकडून भरून काढायचं. बारीक तुऱ्याची तलंग, म्हणजे अजून अंडी न दिलेली तरुण कोंबडी, बघून तिच्याशी जोडायचं. एकाचं जास्त, दुसरीचं कमी, पिल्लाचं बरोबर. निदान काही पिल्लांचं. बाकीच्यांना सहा टोकं, आणि तीही जगतातच.

मी बटण म्हणते, काका अजून हो म्हणत नाहीत. म्हणतात प्रदर्शन होऊ दे.

इकडे साहेबाची शाळा चालू आहे. प्रदर्शनातल्या लहान पिंजऱ्यात कोंबड्याने स्वतःहून ताठ उभं राहायचं असतं, कोपऱ्यात दडी मारली की गेलं. म्हणून त्याचा पिंजरा दुकानातच टेबलावर ठेवलाय, म्हणजे माणसांची सवय होईल. मी शेजारी बसून घड्याळांचे पट्टे पुसते आणि त्याच्याशी बोलते. तुला माहीत आहे मी बोलायला लागले की. मी त्याला आपली सगळी हकिकत सांगितली आहे, मी कुठे कुठे हिंडले, दोरखंडाच्या कारखान्यातून कशी पळाले, बोटीवर भांडी घासली, तुझ्या लग्नाला एक दिवस उशिरा पोचले. तो ऐकतो. मी बोलले की हळूहळू उंच होतो, छाती पुढे, मान कमानीसारखी. काका एकदा म्हणाले, याला थोडी शांततेचीही सवय लाव. मी हो म्हणाले आणि त्यालाच सांगत बसले की काका काय म्हणाले.

त्याला आंघोळही घातली. तालीम म्हणून. तीन टब, एकात साबण, दोनात नुसतं कोमट पाणी. मला वाटलं ओरडेल, चोच मारेल. त्याने पाण्यात डोळे मिटले आणि झोपला. मग टॉवेलमध्ये गुंडाळून वाऱ्याच्या यंत्राने वाळवला, तू शिकवलंस तसं, जवळ न धरता, पिसांच्या दिशेने. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, माझ्या लग्नाच्या दिवशी माझं डोकं ओलंच होतं, कुणाला सुचलं नाही. आणि आत जाऊन मऊ टॉवेल घेऊन आल्या.

एक गोष्ट सांगायची राहिली. म्हणजे राहिली नाही, मी बाजूला ठेवत होते.

काकांचे गुडघे गेलेत. खुराड्यात वाकता येत नाही. म्हणून हे प्रदर्शन झालं की सगळी पाखरं त्यांच्या मित्राकडे जाणार, बेकरीवाल्यांकडे. हे बेकरीवाले दरवर्षी पहिला नंबर नेतात, अंगाने आडवेतिडवे, भुवयांना कायम पीठ. माणूस चांगला आहे, पाखरं सुखात राहतील. पण त्यांचा स्वतःचा मोठा कळप आहे, त्यात ही मिसळणार, आणि दोन वर्षांत काकांची म्हणून ओळखू येणार नाहीत. वडिलांपासून राखलेली ओळ. दुधात पाणी ओतल्यावर पाणी कुठलं ते कोण सांगणार.

परवा जेवणाच्या वेळी मी हात धुवायला गेले होते, तेव्हा आतून काकूंचा आवाज आला. अहो, त्या पोरीला एकदा विचारा तरी, राहतेस का म्हणून.

काका म्हणाले, "विचारायचं नाही. विचारलं की माणूस भिडेखातर हो म्हणतं. मग ती अडकते आणि कोंबड्यांचे हाल होतात."

मी नळ मोठा केला आणि हात धूतच राहिले.

तू हसशील, पण मला बरंही वाटलं आणि रागही आला. राग कशाचा ते कळत नाही. मला कुणी थांब म्हटलं की माझे पाय शिवशिवतात, हे तुला माहीत आहे, तू म्हणूनच कधी म्हणाला नाहीस. आता काकाही म्हणत नाहीत. सगळेच इतके समजूतदार झाले तर मी कुणाशी भांडून जायचं?

प्रदर्शन पुढच्या आठवड्यात. मग कळवते. सगळंच.

तुझी
भिंगरी


५ नोव्हेंबर

प्रिय दादा, प्रिय वहिनी, आणि पोटातल्या मंडळींना,

सगळ्यांना नमस्कार. कागद जाड घेतलाय, दोन्ही बाजूंनी लिहिणार. बसा.

प्रदर्शन एका मोठ्या गोदामात होतं. पिंजऱ्यांच्या रांगाच रांगा, खाली लाकडाचा भुसा, आणि आवाज असा की हजार दारं एकदम करकरतायत. साहेबाचे पाय मी दात घासायच्या ब्रशने घासले होते, तुऱ्याला तेलाचं बोट लावलं होतं. काकांनी नवा सदरा घातला होता. काकू येणार नव्हत्या, त्या आमच्या आधी गाडीत जाऊन बसल्या.

आता नियम ऐका. परीक्षक आले की मालकांनी दोरीच्या पलीकडे जायचं आणि तोंड उघडायचं नाही. पाखराला खूण केली, हाक मारली, बाद. हे मला तिथे गेल्यावर कळलं. म्हणजे काकांनी आधी सांगितलं असणार, मी तेव्हा बोलत असणार.

मी दोरीपलीकडे गेले आणि गप्प झाले. साहेबाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. टिकटिक नाही, माझी बडबड नाही. त्याने मान आत ओढली, एक पाय पोटात घेतला, पिसं फुगवली आणि झोपला. दादा, ते पाखरू नव्हतं, उशी होती. अभ्रा घातलेली. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ते लागलं. ते फक्त सदऱ्याचं वरचं बटण काढत आणि लावत होते. शेवटचं प्रदर्शन, आणि मी त्यांच्या कोंबड्याला गप्पांशिवाय उभं राहायचं शिकवलंच नव्हतं.

परीक्षक म्हणजे एक किडकिडीत बाई, पांढरा कोट, हातात बारीक काठी. त्यांनी काठीने साहेबाला हळूच स्पर्श केला. त्याने एक डोळा उघडला आणि मिटला. बाई पुढे गेल्या. पुढचा पिंजरा बेकरीवाल्यांचा, त्यांचा कोंबडा असा उभा की ओतीव पितळ. आता बाईंच्या मागे टिपणं घेणारे गृहस्थ होते, ते कानाने जरा कमी. म्हणून बाई त्यांना प्रत्येक गोष्ट मोठ्याने, सावकाश सांगायच्या. पाठ आखूड, छान. शेपूट उंच. उभं राहणं सुरेख.

माणसाचा आवाज आला. साहेबाला वाटलं, आपल्याशीच बोलतायत. उशीतून मान बाहेर आली, पाय खाली, छाती पुढे, आणि बाई एकेक कौतुक करतायत तसा हा एकेक इंच वाढतोय. शेजाऱ्याच्या स्तुतीवर उभा राहिला लेकाचा. रांगेतली माणसं तोंडावर हात दाबून हसायला लागली, कारण हसायलाही बंदी. बाई वळल्या. चष्मा वर करून बघत राहिल्या. मग टिपणवाल्यांना म्हणाल्या, "हे महाशय मघाशी कुठे होते?" आणि परत मागे आल्या.

दुसरा नंबर. पिंजऱ्याला निळी फीत आणि शेरा, 'सर्वांगसुंदर. उठायला उशीर.' काकूंनी शेरा वाचला आणि काकांकडे बघून म्हणाल्या, घरच्यांवर गेलाय.

काका हसले. गोदामाबाहेर येईपर्यंत हसत होते, गाडीत हसत होते. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, आता बोलू नकोस, तो पुन्हा उभा राहील.

आता खरं ते.

त्याच दिवशी दुपारी बेकरीवाले क्रेट घेऊन अंगणात आले, ठरल्याप्रमाणे. हसऱ्या माणसाचाही चेहरा असा होता की जणू कुणाच्या घरचं सामान हलवायला आलाय. काका ओट्यावर बसले होते, भिंग हातात, उगाच पुसत. बेकरीवाल्यांनी पहिलं साहेबाला उचललं आणि म्हणाले, याला कोंबड्यांत सोडतो, बघू पुढच्या वर्षी कशी पिल्लं निघतात.

मी म्हणाले, साहेबाला नका सोडू. तो बघायला आहे. दाणा दिसला की आधी स्वतः गिळतो, हाक मारत नाही. बाप करायचा तर बटण करा.

बेकरीवाल्यांनी बटणाकडे पाहिलं. तो तेव्हा एक कोबीचं पान उचलून खाली ठेवत होता आणि सगळ्यांना बोलावत होता. म्हणाले, "हा? सहा टोकांचा? माझ्याकडे जागा कमी, याला कोण ठेवणार?"

"मी."

दादा, हे मी म्हणाले. म्हणून झाल्यावर मीच मागे वळून पाहिलं, कोण बोललं ते. मागे भिंत होती.

मग काका म्हणाले, "उन्हाळ्यात माळा तापतो."

मी म्हणाले, माहीत आहे.

"पिसं झडतात तेव्हा ही पाखरं भिकाऱ्यासारखी दिसतात. कुणी बघायला येत नाही. शीट काढणं काय, कोंडा टाकणं काय, रोज तेच. तेव्हा?"

"तेव्हाही," मी म्हणाले. "आणि मी भिडेखातर म्हणत नाही. तुम्ही विचारलंच नाहीत."

काकांनी भिंग डोळ्याला लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. एवढा मोठा डोळा. मग बेकरीवाल्यांना म्हणाले, "क्रेट परत ने."

बेकरीवाल्यांनी साहेबाला माझ्या हातात दिलं आणि एवढे खूश झाले की त्यांच्या भुवयांतलं पीठ उडालं. म्हणाले, बरं झालं, पहिला नंबर मिळवायला समोर कुणीतरी लागतंच. काकू म्हणाल्या, झालं, म्हणजे माझी पहाटेची झोप गेली ती गेलीच. आणि पदराने नाक पुसत आत गेल्या. जेवायला बसले तर वाढतच राहिल्या, मी हात आडवा धरला तरी.

दुसऱ्या दिवशी आम्ही जोड्या लावल्या. बटणाला बारीक तुऱ्याच्या तीन तलंगी. तलंग निवडताना मीही डोळे मिटले. काका शेजारी खुर्ची टाकून बसले होते, वाकायचं काम आता माझं. मी एक हातात घेतली आणि म्हणाले, ही. त्यांनी तपासली, आणि खुराड्याचं दार उघडून धरलं.

आता खोली.

दादा, तू इतकी वर्षं ती झाडून ठेवलीस. गादीला ऊन दाखवलंस, हे वहिनीने मला सांगितलंय, तू कधी लिहिलं नाहीस. मला वाटायचं मी कुणाच्या आधाराशिवाय हिंडते. तसं नव्हतं. कुठेही रात्र काढली तरी मला माहीत असायचं की एका घरात वरच्या मजल्यावर माझी गादी उन्हाला पडते. त्याच्या जोरावर मी पळत होते. खोली दे म्हटलं की तो जोर जाईल, याचीच भीती होती. म्हणून दोन पत्रं कोंबडेच कोंबडे लिहिले. तुला ते कळलंच असणार. तू त्यावर काही म्हणाला नाहीस, नुसतं कार्डावर पुन्हा विचारलंस.

दे. बाळाला दे. पिवळा रंग लाव, खिडकीतून सकाळचं ऊन येतं त्याला पिवळा शोभतो. खिडकीची खालची कडी सैल आहे, ती आधी बदल, मी लहानपणी तिथूनच उतरून जायचे. माझ्या पेटीतलं काही ठेवू नकोस, वहिनीला हवं ते घेऊ दे.

मला भीती वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाहीये. सकाळी उठून मी आधी खुराड्याचं दार उघडते, आणि बटण मला बघून टुक टुक करतो, म्हणजे त्याला वाटतं मीही त्याच्याच कळपातली आहे आणि माझं जेवण झालेलं नाही.

बाळ जरा मान धरायला लागलं की तिघं या. तोपर्यंत अंड्यांतून पिल्लं निघतील. एवढाली असतात, अंगठ्याएवढी. तुला एक हातात देईन, डोळे मिटून बघ.

आणि पत्र पाठव. पाकिटावर आता 'मार्फत घड्याळजी' असं घालू नकोस. पत्ता तोच, वर नुसतं भिंगरी लिही. पोस्टमन ओळखतो.

तुझी, आणि आता इथली,
भिंगरी